वेळेच्या आत

टूर द फ्रान्सच्या डोंगरी टप्प्याचा विजेता घाटमाथ्यावरची रेषा ओलांडतो आणि टीव्हीवरचं प्रक्षेपण आवरायला लागतं. विजेत्याची मुलाखत होते, पिवळ्या जर्सीचा समारंभ होतो, मग जाहिराती लागतात. त्याच वेळी त्याच घाटात दहा-बारा किलोमीटर खाली पन्नास-साठ माणसं अजून सायकल मारत असतात, आणि त्यांची शर्यत आत्ता कुठे ऐन भरात आलेली असते. ठरावीक मिनिटांत ती रेषा गाठली नाही, तर उद्या सकाळी त्यांना सुरुवातीला उभं राहता येणार नाही. मग आधीच्या दहा-पंधरा दिवसांत काढलेले हजारो किलोमीटर असोत की जिंकलेले टप्पे, सगळं तिथेच संपतं.

मागच्या प्रकरणात पिवळी जर्सी कशी जिंकली जाते ते आपण पाहिलं. हे प्रकरण घाटात खाली राहिलेल्या त्या पन्नास-साठ जणांचं आहे. अनेक दिवसांची शर्यत माणसाच्या अंगावर आणि मनावर काय करते, हे खरोखर समजून घ्यायचं असेल तर ती मागच्या बाजूने पाहावी, असं माझं ठाम मत आहे. पुढचे पाच-सहा जण अशक्य वाटावं असं काही तरी करत असतात. ते पाहून आपण थक्क होतो, पण त्यातून शर्यतीचा रोजचा जाच कळत नाही. तो कळतो ताप अंगात असताना, गुडघ्याची जखम चिघळलेली असताना, जिंकण्याची सुतराम शक्यता नसताना सहा तास खोगिरावर बसून राहणाऱ्याकडून.

आधी नियम. टप्प्याच्या विजेत्याला लागलेल्या वेळेत ठरावीक टक्के मिळवायचे. जो आकडा येईल ती त्या दिवसाची मर्यादा. टक्के रोज सारखे नसतात. आयोजक प्रत्येक टप्प्याला त्याच्या कठीणपणानुसार श्रेणी देतात, आणि त्या श्रेणीत विजेत्याचा सरासरी वेग जितका जास्त, तितके टक्केही जास्त. सपाट टप्प्याच्या कोष्टकाची सुरुवात साधारण चार टक्क्यांपासून होते, तर उंच डोंगरांच्या टप्प्यात आकडा अठरा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. विजेत्याला पाच तास लागले आणि दहा टक्के ठरले, तर मागच्यांच्या वाट्याला तीस मिनिटं येतात. मेख अशी की नेमका आकडा विजेता पोचेपर्यंत कुणालाच माहीत नसतो. मागच्यांना दिवसभर अंदाजाने सायकल चालवावी लागते. पुढे अचानक कुणी हल्ला चढवला, वेग वाढला, की पंधरा किलोमीटर मागे असलेल्या माणसाच्या हातातली मिनिटं त्याने काहीही न करता गळून जातात.

अंतर कमी असलेला डोंगरी टप्पा तर सर्वांत घातक. ऐकायला उलटं वाटतं, पण हिशेब सोपा आहे: टप्पा तीन तासांतच संपला तर त्याचे दहा टक्के म्हणजे अठराच मिनिटं, आणि चढ तेवढेच. २०१८ साली आल्बेरव्हील ते ला रोझिएर हा आल्प्समधला टप्पा अवघा १०८.५ किलोमीटरचा होता. त्या एका दुपारी मार्क कॅव्हेंडिश आणि मार्सेल किटेल हे जगातले दोन मातब्बर स्प्रिंटर मर्यादेबाहेर जाऊन घरी परतले.

काही सेकंदांनी बाहेर पडलेलेही आहेत. १९७९ साली फ्रान्सचा फिलिप तेस्निएर आणि ऑस्ट्रियाचा गेरहार्ड शोनबाखर यांच्यात एक विलक्षण चुरस चालली होती. दोघांनाही एकूण क्रमवारीत शेवटचा नंबर हवा होता. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला लाल कंदील लावत. त्यावरून टूरमधल्या शेवटच्या माणसाला फ्रेंच लोक ‘लाल कंदील’ म्हणतात आणि त्याच्यावर मनापासून प्रेम करतात. टूर संपल्यावर गावोगावी होणाऱ्या छोट्या शर्यतींना त्याला मानधन देऊन बोलावलं जाई. मधल्या शंभरातला कुणी कुणाला आठवत नसे, शेवटचा मात्र आठवे. दीजाँच्या वैयक्तिक वेळ-शर्यतीत दोघेही मुद्दाम सावकाश निघाले. बर्नार इनोने ती १ तास ८ मिनिटं ५३ सेकंदांत जिंकली. त्या दिवशीची मर्यादा होती वीस टक्के, म्हणजे साधारण १ तास २२ मिनिटं ४० सेकंद. शोनबाखरला १ तास २१ मिनिटं ५२ सेकंद लागले आणि तो वाचला. तेस्निएरला लागले १ तास २३ मिनिटं ३२ सेकंद. मिनिटभराहूनही कमी फरकाने तो शर्यतीबाहेर गेला. आयोजकांना हा प्रकार मुळीच रुचला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी काही टप्प्यांनंतर रोज शेवटच्या क्रमांकाच्या माणसाला काढून टाकण्याचा नियम आणला, आणि तो नियम चुकवत चुकवत १९८० सालीही शोनबाखरच शेवटचा आला.

हे झाले मुद्दाम मागे राहणारे. बाकीचे मागे राहतात ते शरीराच्या ठेवणीमुळे. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य शत्रू वारा असतो, चढावर त्याचं स्वतःचं वजन. साठ-पासष्ट किलोचा, घाट चढण्यात पटाईत पठ्ठ्या आणि ऐंशी किलोचा स्प्रिंटर सपाटीवर खांद्याला खांदा लावून जातात. वजनदार माणसाकडे ताकदही जास्त असते आणि वारा कापायला ती कामी येते. आठ टक्क्यांचा चढ लागला की वीस-एक मिनिटांतच दोघांत कित्येक मिनिटांचं अंतर पडतं. शेवटच्या दोनशे मीटरला दहा-पंधरा सेकंद हजार-चौदाशे वॉट काढणारा स्नायू घाटात ओझं होतो. वारा अडवणाऱ्याच्या मागे लपण्याचा फायदाही तिथे फारसा मिळत नाही, कारण वेगच कमी असतो. आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठातल्या बर्ट ब्लॉकेन यांच्या गटाने १२१ सायकलस्वारांच्या जथ्याच्या प्रतिकृतीवर अभ्यास केला. जथ्याच्या पोटात असलेल्या माणसाला एकट्याने जाणाऱ्याच्या तुलनेत वाऱ्याचा रोध अवघा पाच ते दहा टक्के लागतो, असं त्यात आढळलं. म्हणूनच सपाटीवर एकशे सत्तर माणसं एकत्र राहू शकतात आणि पहिल्या मोठ्या घाटात तो जथा मण्यांची माळ तुटावी तसा विखुरतो.

विखुरलेले हे मणी थोड्या वेळाने पुन्हा एकत्र येतात. मागे पडलेल्यांचा जो गट बनतो त्याला इटालियनमध्ये ग्रुपेत्तो म्हणतात, फ्रेंच त्याला ऑटोबस म्हणतात. त्यात स्प्रिंटर असतात, त्यांचे मदतनीस असतात, कालच्या टप्प्यात पडलेले असतात, पोट बिघडलेले असतात, आणि आपल्या कप्तानाला पहिल्या घाटापर्यंत पोचवून रिते झालेले असतात. एरवी हे सगळे वेगवेगळ्या संघांचे आणि एकमेकांचे प्रतिस्पर्धी. परवा सपाट टप्प्यावर यांच्यातलेच दोघे ताशी सत्तर किलोमीटरच्या वेगात कोपरं घुसवून भांडलेले असतात. घाटात मात्र एकमेकांना बिस्किटं देतात, पाण्याच्या बाटल्या देतात, वेगाबद्दल एकमताने ठरवतात. कुणी उगाच वेग वाढवला तर पाठीमागून त्याला ओरडून आवरतात.

या गटाला एक म्होरक्या लागतो. बर्नहार्ड आयसेल हा ऑस्ट्रियन सायकलस्वार त्या कामासाठी नावाजलेला होता. कॅव्हेंडिशला त्याने कित्येक घाट पार करून दिले. म्होरक्याचं डोकं गणितात पक्कं असावं लागतं. पहिल्या चढावर किती मिनिटं गमवायची, उतारावर किती भरून काढायची, दरीतल्या सपाटीवर आळीपाळीने पुढे येऊन किती मिळवायची, शेवटच्या घाटासाठी किती राखून ठेवायची, हे त्याला सतत मांडत राहावं लागतं. खरी कमाई चढावर होत नाही. चढावर सगळे फक्त तोटा आटोक्यात ठेवतात. कमाई होते दरीत, जिथे चाळीस माणसं आळीपाळीने वारा खात पंचेचाळीसच्या वेगाने जाऊ शकतात आणि पुढचे चार-पाच जण तेच काम धापा टाकत करत असतात. आणि कमाई होते उतारावर. टीव्हीवर कधी न दिसणारा हा उतार शर्यतीतला सर्वांत धोक्याचा भाग असतो, असं मला वाटतं. थकलेले हात, घामाने निसटते ब्रेक, ताशी ऐंशीचा वेग, आणि पुढच्या वळणावर काय आहे याचा भरवसा नाही. पुढचे लोक जिंकण्यासाठी धोका पत्करतात; हे लोक पत्करतात ते उद्या पुन्हा हेच करता यावं म्हणून.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. बोरघाट ज्याने सायकलवर चढला आहे, त्याला चढाचं हे गणित पायांनी माहीत असतं. पण टूरचे घाट समजायला मोजपट्टी बदलावी लागते. आल्प्समधला गालिबिये २,६४२ मीटर उंच आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ हजार मीटरने अधिक, आणि असे तीन-तीन घाट एका दिवसात येतात. आणि उद्याही येतात.

हे ‘उद्याही’ हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. टूरमध्ये २१ टप्पे असतात, तेवीस दिवस, मध्ये विश्रांतीचे दोन दिवस, सुमारे ३,४०० किलोमीटर. १९८० च्या दशकात नेदरलँड्समधल्या संशोधकांनी टूरमधल्या सायकलस्वारांचा ऊर्जाव्यय मोजला. खुणेचे अणू घातलेलं पाणी पाजून, लघवीच्या नमुन्यांवरून हा हिशेब करतात. सरासरी खर्च रोज कित्येक हजार किलोकॅलरी निघाला, म्हणजे शरीर नुसतं जिवंत ठेवायला जेवढी ऊर्जा लागते तिच्या चार-पाच पट. एक दिवस एवढा खर्च अनेक जण करू शकतात. तीन आठवडे सलग करायचा, तर तेवढं अन्न पोटात जावं लागतं आणि पचावंही लागतं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर चार-पाचशे ग्रॅम. जोर लावून चालवलं तर ती दोन-तीन तासांत संपते. म्हणून सायकलवरच खाणं. पूर्वी तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं पुष्कळ मानत, आता नव्वद ते एकशेवीस ग्रॅमपर्यंत मजल गेली आहे. हे आतड्यांना जमावं म्हणून हिवाळ्यापासून सराव करतात. रात्री हॉटेलात वजन करून भात, वजन करून पास्ता. तिसऱ्या आठवड्यात त्या ताटाकडे पाहण्याचीही इच्छा उरत नाही, तरी ते संपवायचं. भूक लागली म्हणून जेवण्याचा काळ केव्हाच मागे पडलेला असतो.

शरीरात आणखी एक गंमत होते, आणि ती सायकलस्वार स्वतःच मीटरवर पाहतो. पहिल्या आठवड्यात घाटात ज्याचे ठोके मिनिटाला एकशे ऐंशीपर्यंत सहज जातात, त्याचे ठोके तिसऱ्या आठवड्यात तेवढेच कष्ट घेऊनही वर चढत नाहीत. पाय जळत असतात, श्वास लागलेला असतो, हृदय मात्र सुस्त. रक्तातल्या पाण्याचं प्रमाण वाढतं, थकव्याने शरीराची हाकेला ओ देण्याची क्षमता मंदावते. विश्रांतीच्या दिवशीही सगळे तास-दीड तास सायकल चालवतात. नाही चालवली तर दुसऱ्या दिवशी पाय दगड झालेले असतात. बसण्याच्या जागी गळवं होतात. रस्त्यावर घासून सोललेल्या मांडीला आणि कोपराला रात्री चादर चिकटते आणि सकाळी ती पाणी लावून सोडवावी लागते. आणि नऊ-दहा वाजता पुन्हा बस, पुन्हा सही, पुन्हा सुरुवात. पुढच्याला हे सोसायला निदान पिवळ्या जर्सीचं आमिष असतं. मागच्याला कशाचं?

इतिहासात पाहिलं तर हा प्रश्न टूरच्या जन्मापासून आहे. १९०३ च्या पहिल्या टूरमध्ये सहाच टप्पे होते, पण एकेक टप्पा चारशे किलोमीटरपेक्षाही लांब असू शके. पॅरिस ते लियाँ हा पहिलाच टप्पा ४६७ किलोमीटरचा. साठ जण निघाले, एकवीस पोचले. मोरिस गारँ जिंकला, आणि शेवटचा आलेला आर्सेन मिलोशो त्याच्यापेक्षा जवळजवळ पासष्ट तास मागे होता. १९१० साली पिरेनीजचे घाट पहिल्यांदा आले: पेयरेसूर्द, आस्पँ, तुर्माले, ओबिस्क, आणि सगळे लुशाँ ते बायोन या ३२६ किलोमीटरच्या एकाच टप्प्यात. रस्ते म्हणजे मेंढपाळांच्या वाटा. सायकल हातात धरून ओबिस्क चढताना ऑक्टाव्ह लापीझ आयोजकांच्या माणसांना ‘खुनी’ म्हणाला, हे टूरच्या इतिहासातलं सर्वांत प्रसिद्ध वाक्य. तो टप्पा त्यानेच जिंकला आणि ती टूरही. त्याच वर्षी शर्यतीच्या मागून एक गाडी फिरू लागली, थकून थांबलेल्यांना गोळा करायला. तिला झाडूची गाडी म्हणतात, आणि पुढे कित्येक वर्षं तिच्यावर खरोखरचा झाडू बांधलेला असे. जो सायकल सोडतो त्याच्या पाठीवरचा नंबर अधिकारी काढून घेतात. त्या गाडीत बसणं हा अपमान नाही, पण कुणालाही विचारा, तो दिवस आयुष्यभर आठवतो.

म्हणूनच काही जण तिच्यात बसत नाहीत. २०२१ च्या टूरमध्ये निक ड्लामिनी होता, केपटाऊनच्या वस्तीतून आलेला, टूरमध्ये उतरलेला दक्षिण आफ्रिकेचा पहिला कृष्णवर्णीय सायकलस्वार. नवव्या टप्प्यात पाऊस, गारठा आणि तीन्यपर्यंतचा चढ. ड्लामिनी पडला, ग्रुपेत्तो निसटला, मर्यादा केव्हाच उलटून गेली. गाडीत बसायचं त्याने नाकारलं. तीन्यला तो पोचला तेव्हा विजेता येऊन दीड तास होत आला होता आणि रेषेजवळचं सामान आवरणं चाललं होतं. क्रमवारीत त्याची नोंद झाली नाही.

क्वचित अधिकारी विरघळतात. १९८५ साली एपिनाल ते पोंतार्लिए या टप्प्यात ब्रिटनचा पॉल शेरवेन सुरुवातीलाच जोरात पडला आणि दिवसाचा बहुतेक वेळ मुख्य जथ्याच्या मागे झगडत राहिला. विजेत्यानंतर तासाहून अधिक उशिरा तो आला. नियमाने तो बाहेर होता. त्याची चिकाटी पाहून त्याला आत ठेवण्यात आलं. पुढे तो समालोचक झाला, आणि फिल लिगेटबरोबरचा त्याचा आवाज जगभरच्या सायकलप्रेमींच्या कानात बसला. शेवटच्या गटाबद्दल तो नेहमी आपुलकीने बोले.

लॉसन क्रॅडॉकची गोष्ट याहून लांब चालते. २०१८ च्या पहिल्याच टप्प्यात खाण्या-पिण्याच्या पट्ट्यात रस्त्यावर पडलेल्या बाटलीवर चाक जाऊन तो पडला. भुवई फुटली, आणि खांद्यामागचं फावड्याचं हाड मोडलं. रक्ताने माखलेल्या चेहऱ्याने त्याने तो टप्पा पुरा केला. संध्याकाळी ठरवलं की उद्याही निघायचं. तो टेक्सासचा, ह्यूस्टनमधल्या ज्या व्हेलोड्रोमवर तो शिकला त्याचं २०१७ च्या हार्वे वादळाने नुकसान झालं होतं. पूर्ण केलेल्या प्रत्येक टप्प्यामागे शंभर डॉलर त्या व्हेलोड्रोमला देण्याचं त्याने जाहीर केलं आणि इतरांनाही हाक दिली. मग एकवीसच्या एकवीस टप्पे, हँडल ओढताना मोडलेल्या हाडासकट, रूबेच्या जवळच्या दगडी रस्त्यांवरूनसुद्धा. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तो शेवटच्या क्रमांकावर राहिला. असं टूरमध्ये त्यापूर्वी कधी झालं नव्हतं. लोकांनी दिलेली रक्कम दोन लाख डॉलरच्या वर गेली.

मागे राहणाऱ्यांच्या या विद्येतून एकदा विजयही निघाला आहे, आणि तो मला फार आवडतो. एरोस पोली हा इटालियन १.९४ मीटर उंच, पंच्याऐंशी किलोच्या आसपास वजनाचा. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये सांघिक वेळ-शर्यतीचं सुवर्णपदक मिळवलेला, पण टूरमध्ये त्याचं काम स्प्रिंटरला ओढत नेणं आणि घाट आले की ग्रुपेत्तो सांभाळणं. १९९४ मध्ये माँपेलिए ते कार्पांत्रास या टप्प्यात मध्येच माँ व्हांतू होता, उघडाबोडका, एकवीस किलोमीटरचा चढ. त्या दिवशी पोली घाटाच्या खूप आधीच एकटा पुढे निघाला. बाकीच्यांनी जाऊ दिलं; एवढ्या अवजड माणसाची व्हांतूवर कोण काळजी करणार? पण घाटात आपण दर किलोमीटरला किती मागे पडतो, हे त्या जथ्यात पोलीइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्याने हिशेब धरला किलोमीटरला एक मिनिट. म्हणजे पायथ्याशी वीसहून अधिक मिनिटं हातात हवीत. तो पायथ्याला आला तेव्हा जवळजवळ चोवीस होती. चढावर ती भराभर वितळली, पण हिशेबापलीकडे नाही. माथ्यावर काही मिनिटं उरली, आणि पुढचा उतार अशा माणसाला अनुकूलच. पलीकडच्या गावात त्याने साडेतीन मिनिटांहून अधिक फरकाने टप्पा जिंकला आणि रेषेवर वाकून प्रेक्षकांना नमस्कार केला. वर्षानुवर्षं मर्यादेच्या आत राहण्यासाठी केलेलं गणित त्याने एका दिवसासाठी उलट्या दिशेने मांडलं होतं.

आता कॅव्हेंडिश. आइल ऑफ मॅन या छोट्या बेटावरचा हा माणूस टूरमधला सर्वांत यशस्वी स्प्रिंटर, आणि मागच्या गटाचा कदाचित सर्वांत प्रसिद्ध प्रवासीही. २०११ साली गालिबियेच्या माथ्यावर संपणाऱ्या टप्प्यात आंडी श्लेकने दूरवरून हल्ला केला. मागे मर्यादा ठरली ३३ मिनिटं ७ सेकंद. गुणांच्या स्पर्धेतल्या आघाडीची हिरवी जर्सी घातलेल्या कॅव्हेंडिशसह मोठा गट ३५ मिनिटं ४० सेकंदांनी पोचला. बाहेर पडलेले होते ८८ जण, शर्यतीत उरलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त. इतके जण एकदम काढले तर पॅरिसला कोण जाणार? नियमात अशा वेळी परत घेण्याची सोय आहे. सगळ्यांना परत घेतलं आणि दंड म्हणून कॅव्हेंडिशचे २० गुण कापले. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझवर पुन्हा तेच, पुन्हा २० गुण. ग्रुपेत्तोत संख्या का महत्त्वाची असते ते यातून दिसतं. एकटा उशिरा आला तर घरी जातो. शंभराच्या घोळक्यात आला तर त्याला काढायला अधिकाऱ्यांनाही विचार करावा लागतो. हिरवी जर्सी त्या वर्षी अखेर त्यालाच मिळाली.

मग आजारपण आलं, पडझड झाली, संघांनी पाठ फिरवली. २०२१ मध्ये तो जवळजवळ विस्मृतीतून परतला आणि टप्पे जिंकू लागला. ड्लामिनी ज्या पावसात झगडला त्याच तीन्यच्या टप्प्यावर कॅव्हेंडिश मर्यादेच्या अवघी १ मिनिट ३२ सेकंद आत पोचला. त्याच दिवशी फ्रान्सचा अव्वल स्प्रिंटर आर्नो देमार बाहेर गेला होता. कॅव्हेंडिशला वर आणलं त्याच्या संघातल्या मदतनिसांनी. त्यातला एक टिम डेक्लेर्क, बेल्जियमचा उंचापुरा गडी, सपाट रस्त्यावर तासन्‌तास जथ्याच्या पुढे राहून वारा खायचा म्हणून त्याला ‘ट्रॅक्टर’ म्हणत. पाच दिवसांनी कार्कासोनला कॅव्हेंडिशने टूरमधला आपला ३४वा टप्पा जिंकून एडी मर्क्सच्या सर्वाधिक टप्प्यांच्या विक्रमाशी बरोबरी केली. पॅरिसला क्रमवारीत शेवटचं नाव होतं टिम डेक्लेर्क.

या योगायोगाकडे लक्ष द्यावं. अलीकडचे ‘लाल कंदील’ पाहिले तर बरेचसे अशक्त सायकलस्वार नाहीत. ते स्प्रिंटरचे सोबती आहेत. आपल्या माणसाबरोबर राहण्यासाठी त्यांनी घाटाघाटात स्वतःची मिनिटं सोडलेली असतात, आणि शेवटच्या दिवशी त्या मिनिटांची बेरीज त्यांच्या नावापुढे छापून येते.

२०२४ ची टूर फ्लॉरेन्सहून निघाली. पहिलाच टप्पा रिमिनीपर्यंत २०६ किलोमीटर, ३,६०० मीटर चढ, आणि जूनअखेरचं रणरणतं ऊन. कॅव्हेंडिश एकोणचाळीस वर्षांचा. आदल्या वर्षी हासळीचं हाड मोडून घरी गेलेला आणि फक्त एका टप्प्यासाठी निवृत्ती पुढे ढकललेला. पहिल्याच चढांवर तो मागे पडला, सायकलवरच ओकला. त्याच्या अस्ताना संघाने एकेक करून माणसं मागे पाठवली. कुणी डोक्यावर पाणी ओतत होतं, कुणी मानेशी बर्फ ठेवत होतं, कुणी पुढे राहून वेग धरत होतं. विजेत्यानंतर जवळजवळ चाळीस मिनिटांनी ते पोचले; मर्यादेला दहाएक मिनिटं शिल्लक होती. चौथ्या टप्प्याला पुन्हा गालिबिये, पुन्हा ग्रुपेत्तो. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३ जुलैला, सॅं-व्हुल्बास गावात कॅव्हेंडिशने ३५वा टप्पा जिंकला आणि मर्क्सचा विक्रम मोडला.

जगाच्या दृष्टीने त्याची टूर तिथेच संपली. तो मात्र घरी गेला नाही. सोळा टप्पे बाकी होते, पिरेनीज बाकी होते, २,८०२ मीटरचा बोनेत बाकी होता, आणि त्यानंतरच्या दिवशी कुयोलचा चढ. आता मिळवण्यासारखं काही उरलं नसताना तो रोज मागच्या गटात मिनिटं मोजत राहिला. त्याच्याबरोबर नेदरलँड्सचा केस बोल होता आणि इटलीचा डाव्हिडे बालेरिनी. बालेरिनी २०२१ मध्येही त्याच्याच संघात होता. कुयोलच्या माथ्यावर कॅव्हेंडिश सोबत्यांबरोबर वेळेच्या आत पोचला, आणि दुसऱ्या दिवशी नीसला टूर पूर्ण केली. निघालेल्या १७६ जणांपैकी १४१ जण नीसला पोचले. एकशे एकेचाळीसावा होता डाव्हिडे बालेरिनी.